वृत्तनिवेदनाच्या दोन वाटा: सह्याद्री की चोवीस तासांची वाहिनी?

मराठीत वृत्तनिवेदक होऊ इच्छिणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा आहेत: दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आणि चोवीस तास बातम्या देणाऱ्या खासगी वाहिन्या. पडद्यावर दोन्हींकडचे काम सारखेच दिसत असले, तरी दूरदर्शनवर ते बहुतेकांसाठी जोडकाम असते आणि खासगी वाहिनीवर पूर्णवेळची नोकरी.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांचे खरे क्षेत्र चित्रपट आणि रंगभूमी हे होते, तर दीर्घकाळ बातम्या देणारे प्रदीप भिडे जाहिराती आणि माहितीपटांनाही आवाज देत असत. हा योगायोग नव्हता. दूरदर्शनच्या प्रादेशिक वृत्त विभागात निवेदक सहसा नैमित्तिक तत्त्वावर घेतले जातात. त्यांना महिन्यात मोजक्या पाळ्या मिळतात आणि मानधनही पाळीच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे केवळ यावर घर चालवण्याचा विचार कोणी करू नये. मात्र प्राध्यापक, वकील, नाट्यकलावंत किंवा ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या व्यक्तीसाठी ही व्यवस्था फार सोयीची आहे. येथे संपादित मजकूर हाती येतो आणि तो नेमक्या उच्चारांनी, आवाज न चढवता वाचणे हेच मुख्य कौशल्य असते. दंत्य आणि तालव्य ‘च’ किंवा ‘ज’ यांत गोंधळ करणाऱ्याने आधी त्यावर मेहनत घ्यावी.

खासगी वाहिन्यांचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. २००० मध्ये आलेल्या ई टीव्ही मराठीच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून दिल्या जात, म्हणजे मराठी निवेदकाला बिऱ्हाड तेलुगू मुलुखात करावे लागे. पुढे २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा), तर २००८ मध्ये आयबीएन लोकमत सुरू झाले, आणि चोवीस तास बोलत राहणारा निवेदक ही नवी गरज निर्माण झाली.

या गरजेचे स्वरूप समजण्यासाठी २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवावी. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी आठच्या सुमारास अचानक समोर आला. अशा वेळी प्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्यासमोर मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) तयार संहिता नसते, कानातल्या टॉकबॅकवर निर्माता सूचना देत असतो, एका वार्ताहराचा फोनो, म्हणजे फोनवरून दिलेली थेट माहिती, संपण्याआधी दुसरा जोडला जातो आणि निवेदकाला मात्र बोलणे थांबवता येत नाही. विधानसभेच्या २८८ जागा, बहुमताचा १४५ हा आकडा, राष्ट्रवादीचे ५४ आमदार आणि पक्षांतरबंदी कायद्यातून सुटण्यासाठी विलीनीकरणाला लागणारे त्यांतले दोन तृतीयांश, म्हणजे ३६, हे सारे त्याच्या डोक्यात आधीपासून असावे लागते. म्हणूनच केवळ चेहरा आणि आवाज यांच्या बळावर थेट स्टुडिओत शिरण्याऐवजी आधी काही काळ डेस्कवर (बातम्यांच्या संपादनात) किंवा वार्तांकनात काढलेला उमेदवार अधिक टिकतो, असे माझे मत आहे.

पैसा आणि प्रसिद्धी खासगी वाहिनीवर अधिक असते, यात शंका नाही. पण तेथील स्थान टीआरपीशी, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांशी, बांधलेले असते. ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवलेले वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ मध्ये चार आठवड्यांच्या सरासरीने पुन्हा येऊ लागले, तरी कार्यक्रमाची वेळ आणि निवेदकाची पाळी त्यांवर ठरण्याची रीत कायम आहे. पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळ्या, सणासुदीला सुटी नसणे, तसेच चर्चेच्या कार्यक्रमात आवाज चढवण्याची अपेक्षा हेही या नोकरीचेच भाग आहेत. यांतली शेवटची गोष्ट मला स्वतःला मुळीच पटत नाही.

जिल्ह्याच्या गावातील केबल वाहिनी ही तिसरी वाट म्हणता येईल. तेथे निवेदकालाच बातमी लिहावी लागते, प्रसंगी जाहिरातीही मिळवाव्या लागतात. मिळकत तुटपुंजी असली तरी वर्षभराच्या सरावासाठी ती उत्तम जागा आहे.

दुसरे उत्पन्न आणि घडवलेला आवाज असेल, तर सह्याद्रीच्या निवड चाचणीची जाहिरात येण्याची वाट पाहावी आणि तोवर इंग्रजी बातम्यांचे मराठी भाषांतर रोज करावे. राजकारणाची ओढ आणि अवेळी काम करण्याची तयारी असेल, तर खासगी वाहिनी निवडावी. मात्र करारावर सही करण्यापूर्वी त्याची मुदत, सूचनाकाळ आणि नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी वाहिनीत जाण्यावरील बंधने ही तिन्ही कलमे नीट वाचून घ्यावीत.