अर्थ गोड, मूळ गायब: नावांचे अर्थ सांगणारं एक अॅप

बाळासाठी नावं चाळायची असतील तर हे अॅप घ्यायला हरकत नाही. अर्थ बघायचा असेल तर मात्र नको. पाचापैकी दोन तारे देतेय, आणि त्यातला एक नुसता उच्चारांच्या ध्वनिफितींसाठी आहे.

अॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकमेकांची यादी उचलणारी अशी बरीच अॅप्स आहेत, एकट्यालाच कशाला बोल लावायचा? मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, त्यामुळे नात्यात कुणाकडे पाळणा हलायचा असला की 'मावशी, याचा अर्थ काय हो?' असा निरोप ठरलेला. या खेपेला भाचेसुनेने अर्थासकट अख्खी यादीच पाठवली. ते अर्थ वाचून राहवेना, म्हणून अॅप माझ्याच फोनवर घेतलं.

यादीत पहिलाच आरव. अर्थ दिलाय 'शांत'. अहो, 'रव' म्हणजे आवाज. 'कलरव' म्हणणाऱ्या कुणालाही हे कळावं. कोशात 'आरव'पुढे आरडाओरडा, गडगडाट असे अर्थ आहेत. शांत असतो तो नीरव. नाव वाईट आहे असं मी म्हणत नाही, रात्री दोन वाजता टाहो फोडणाऱ्या बाळाला तर चपखलच. पण आईबापांना काय ठेवतोय ते ठाऊक असावं.

पुढे रेयांश. 'प्रकाशकिरण, विष्णूचा अंश', मूळ संस्कृत. त्यातला अंश कळला. 'रे' कुठून आला? किरणाला संस्कृतात रश्मी आहे, मयूख आहे, गभस्ती आहे, पण 'रे' नाही. तो इंग्रजीतला असावा. नवं नाव घडवायला माझी काही हरकत नाही, प्रत्येक नाव कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा ठेवलेलंच असतं. पण आज जन्मलेल्या नावाला दोन-अडीच हजार वर्षांचं गोत्र कशाला चिकटवायचं?

हा रोग फक्त आपल्या नावांपुरता आहे का, हे बघायला व्हेनेसा शोधलं. उत्तर आलं: 'ग्रीक, फुलपाखरू'. हे नाव इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने घडवलं. एस्थर व्हॅनहॉमरी या त्याच्या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हॅन' घेतलं, एस्थरचं लाडकं रूप 'एस्सा' त्याला जोडलं आणि कवितेत तिला त्या नावाने हाक मारली. ती कविता १७२६ मध्ये छापली गेली. फुलपाखरांच्या एका प्रजातीला फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने हे नाव दिलं ते १८०७ मध्ये. म्हणजे मुलीचं नाव आधी, फुलपाखरू ऐंशी वर्षांनी. खरी गोष्ट इतकी सुरस असताना अॅपला ती दोन ओळींत सांगता येऊ नये?

कियारावर तर कमालच. एकाच पानावर 'तेजस्वी' आणि 'काळसर', मध्ये फक्त स्वल्पविराम. दोन्ही खरे आहेत, पण दोन वेगळ्या नावांचे. इटालियन 'कियारा' म्हणजे उजळ, स्वच्छ. आयरिश 'किअरा' काळ्या रंगावरून आलेलं. उच्चार जवळचे म्हणून दोघींना एकाच खोलीत कोंबलंय. वाचणाऱ्याने कुठला अर्थ घ्यायचा? अर्थात जो आवडेल तो. भाचेसुनेने 'तेजस्वी' घेतला होता, दुसरा तिच्या यादीत उतरलाच नव्हता.

जपानी नावांत ही पद्धत पार कोलमडते. 'यूको'ला एकच अर्थ दिलाय. त्यातलं शेवटचं 'को' म्हणजे मूल, इथवर ठीक. पण 'यू'साठी आईवडील कुठलं चित्राक्षर निवडतात त्यावर अर्थ ठरतो: एकाने 'प्रेमळ', दुसऱ्याने 'समृद्ध', तिसऱ्याने दैवी साहाय्य. उच्चार तोच, कागदावर नावं निराळी. तिथे अर्थ कानाने नाही, डोळ्यांनी कळतो. अक्षरच न दाखवणाऱ्या अॅपने अर्थ सांगायच्या भानगडीत पडू नये.

एका बाबतीत शाबासकी. कोफी: 'शुक्रवारी जन्मलेला', बरोबर. घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा, वार शुक्रवार. त्यांच्या नावात मधे 'अट्टा' आहे, म्हणजे जुळ्यांपैकी एक. जुळ्या बहिणीचं नाव एफुआ, शुक्रवारच्या मुलीचं. शनिवारचा मुलगा तो क्वामे, जसे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा. गंमत बघा, अॅप राशीसाठी बाळाची जन्मतारीख विचारून घेतं, आणि मग मंगळवारच्या बाळालाही बिनदिक्कत कोफी सुचवतं!

निनेलला 'दिव्य' म्हटलंय. सोव्हिएत काळातलं नाव आहे हो ते. लेनिन उलटं वाचा.

दुसरा तारा कशाचा? जॉनच्या पानावरच्या वंशवृक्षाचा. हिब्रू 'योहानान', म्हणजे 'देव कृपाळू आहे', आणि त्यातून फुटलेले जुआन, इव्हान, जोव्हान्नी, शॉन, हान्स असे फाटे बोटाने उलगडत जाता येतात, प्रत्येकाचा उच्चार ऐकता येतो. मी तिथे बराच वेळ रमले. मग वाटलं, हेच अरबीसाठी का नाही केलं? मुहम्मद, अहमद, महमूद, हामिद ही चारही नावं ह-म-द या एकाच धातूची, स्तुतीची. अॅपमध्ये ती चार पानांवर चार अनोळखी माणसांसारखी उभी आहेत, आणि हामिदला तर 'मित्र' म्हटलंय.

बाकी भाग्यांक, भाग्यरंग वगैरे आहे. ते मी उघडलं नाही.

भाचेसुनेला एवढंच कळवलं: यादी अॅपवरून कर, अर्थ दुसरीकडे बघ. संस्कृत म्हणून दिलेलं नाव असेल तर मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा संस्कृत-इंग्रजी कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. शब्द तिथे नाव म्हणून नाही, शब्द म्हणून शोध. सापडला नाही तर सुटे भाग शोध, तेही नाहीत तर नाव बहुधा नवं आहे, आणि आवडलं तर ठेवायला कुणाची ना नाही. परदेशी नाव असेल तर ते मूळ लिपीत कसं लिहितात ते आधी बघ. तिचं उत्तर आलं, 'मावशी, आरव ह्यांना फार आवडलंय, राहू दे का?' राहू दे म्हटलं.