गरम आहे तोवर: वनस्पतिजन्य फास्ट फूडच्या एका साखळीचा अनुभव

माझ्या धाकट्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. त्यामुळे फास्ट फूडच्या दुकानात शिरल्यावर काय खायचे याआधी काय खाता येणार नाही, याचीच चौकशी आम्हाला करावी लागते. बनला चकाकी यावी म्हणून वरून दूध लावलेले असते, एखाद्या सॉसमध्ये दुधाची पावडर असते, फ्राइज ज्या तेलात तळल्या जातात त्याच तेलातून थोड्या वेळापूर्वी चीज भरलेले काहीतरी तळून निघालेले असते, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला यातले बरेचसे कोणी सांगितलेलेच नसते. सगळाच मेनू वनस्पतिजन्य असलेल्या एका साखळीच्या शाखेत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती फलकाखाली मान वर करून बराच वेळ उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "यातलं काहीही घेऊ?" त्यानंतर गेल्या चार महिन्यांत याच साखळीच्या तीन शाखांमध्ये मिळून आम्ही नऊ-दहा वेळा खाल्ले आहे. जे गुणदोष मला दिसले ते या प्रकारच्या बहुतेक दुकानांत थोड्याफार फरकाने आढळतील असे वाटते, म्हणून साखळीचे नाव लिहीत नाही.

आधी स्वयंपाकघराविषयी, कारण आमच्यासारख्यांच्या दृष्टीने या दुकानाची खरी किंमत तिथे आहे. नेहमीच्या साखळीने मेनूत एक वनस्पतिजन्य बर्गर घातला म्हणून तिचे स्वयंपाकघर बदलत नाही. बर्गर किंगने २०१९ मध्ये अमेरिकेत सर्वत्र इम्पॉसिबल व्हॉपर आणला, तेव्हा त्याची पॅटी मांसाच्या पॅटीसाठी असलेल्या यंत्रातच भाजली जात होती. ज्याला हे नको असेल त्याने तसे मुद्दाम सांगायचे, अशी सोय होती, पण त्यावरून पुढे न्यायालयापर्यंत वाद गेला. इथे असे मुद्दाम सांगण्याची गरजच उरत नाही, कारण तवा, तेल, चिमटे आणि सॉसच्या बाटल्या यांपैकी कशालाही मांस, दूध किंवा अंडे लागलेले नसते. माणसाला रांगेत उभे राहून स्वतःच्या आजाराची माहिती अनोळखी लोकांसमोर द्यावी लागत नाही, ही सोय ज्याला हवी असते त्यालाच तिची किंमत कळते.

आता पॅटीकडे वळते. वाटाण्यातून किंवा सोयाबीनमधून वेगळी काढलेली प्रथिने उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून अशा रीतीने ढकलतात की त्यांचे धागे तयार होतात आणि दाताला मांसासारखी चिवट ओढ लागते. रंगासाठी काही कंपन्या बीटचा रस वापरतात. इम्पॉसिबल फूड्सने मात्र सोयाबीनच्या मुळांच्या गाठींत आढळणारे, रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे एक प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतले. तव्यावर पडल्यावर पॅटीचा रंग लालसर गुलाबीवरून तपकिरी होत जातो आणि मांसाच्या जवळ जाणारा वास सुटतो, त्यामागे हेच प्रथिन आहे. रसरशीतपणा बहुधा नारळाच्या तेलातून येतो. आणि हे सगळे एकत्र धरून ठेवण्याचे काम बहुतेक पॅटींमध्ये मिथिलसेल्युलोज नावाचा पदार्थ करतो.

या शेवटच्या पदार्थाची गंमत अशी की तो जिलेटिनच्या अगदी उलट वागतो, म्हणजे गरम असताना घट्ट होतो आणि थंड होत गेला की सैल पडतो. हे मला वाचून माहीत होते, पण खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या भेटीत मी एकाच वेळी दोन बर्गर मागवले. पहिला ट्रेवर येताक्षणी खाल्ला. पॅटीची कड कुरकुरीत होती, मध्यभागी ओल होती, दाबले तर किंचित उसळी होती आणि बनच्या खालच्या अर्ध्यात तेलाचा एक छोटा डाग पडला होता. दुसरा कागदात गुंडाळलेला तसाच ठेवून वीस मिनिटांनी उघडला. बाहेरून काहीच फरक दिसत नव्हता, पण दात लावल्यावर पॅटी तुटण्याऐवजी दबली. धाग्यांची ओढ गेली होती, कडेचा कुरकुरीतपणा वाफेने मऊ पडला होता, आणि नारळाचे तेल थंड होऊ लागले की टाळूवर जसा मेणचट थर बसतो तसा थर जाणवत होता. दोन्ही बर्गर एकाच तव्यावरून एकाच वेळी उतरले होते.

माझी मुख्य तक्रार यातूनच निघते. ज्या पदार्थाची घडण तापमानावर इतकी अवलंबून आहे, तो पदार्थ आधी करून ठेवण्याची पद्धत या साखळीने नेहमीच्या फास्ट फूडकडून जशीच्या तशी उचलली आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या शाखेत संध्याकाळच्या गर्दीत पॅटी भाजून उष्ण कपाटात रचून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या. कपाटात त्या अगदी थंड होत नाहीत, पण कोरड्या पडतात आणि बनमध्ये जाऊन ग्राहकाच्या हाती येईपर्यंत कोमटही होतात. घरपोच मागवलेला बर्गर तर पस्तीस मिनिटांनी आला तेव्हा बोटाने दाबल्यावर भिजवलेल्या कणकेसारखा खड्डा पडत होता. पहिल्यांदाच चाखणारा माणूस असा बर्गर खाऊन 'वनस्पतिजन्य म्हणजे असेच असणार' असा समज करून घेतो आणि पुन्हा येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मॅकडोनाल्डच्या मॅकप्लांट या वनस्पतिजन्य बर्गरची चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये थांबली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली अमेरिकी विनोदी अभिनेता केव्हिन हार्टची हार्ट हाऊस ही वनस्पतिजन्य साखळी २०२४ मध्ये बंद झाली. त्यामागे धंद्याची अनेक गणिते असतील, पण कुतूहलापोटी एकदा आलेला ग्राहक दुसऱ्यांदा यावा लागतो, आणि तो पहिल्या घासावरच ठरवतो.

बाकीच्या पदार्थांपैकी फ्राइज उत्तम आहेत, त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या प्रथिनांपासून केलेले नगेट्स चिकनसारखे लागतात, पण मीठ जास्त आहे. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि इथला बर्गर, फ्राइज व नगेट्स असा पूर्ण संच घेतला तर त्यातला बराच वाटा एका बैठकीत संपत असावा, असे चवीवरूनच वाटते. वनस्पतिजन्य आहे म्हणून हलके आहे, असे कोणी धरून चालू नये. अंड्याशिवाय केलेले मेयोनेज मात्र घट्ट आणि गुळगुळीत होते.

चीजचा मुद्दा वेगळा आहे. खऱ्या चीजचे तार निघतात ते दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे, आणि नारळाचे तेल व स्टार्च यांच्या चकतीत ते जाळे नसते. त्यामुळे इथली चकती वितळते म्हणण्यापेक्षा मऊ होऊन पॅटीला चिकटून बसते. मला ती फिकी वाटली. माझ्या मुलीने मात्र तिच्या आठ वर्षांच्या आयुष्यातला पहिला चीजबर्गर इथे खाल्ला आणि कागदाला चिकटलेली चकतीची कड नखाने सोडवून तीही खाल्ली. तिच्याकडे तुलनेला दुसरे काही नाही, म्हणून तिचे मत मी माझ्या मताइतकेच ग्राह्य धरते.

ओटच्या दुधाचा शेक या दुकानातली सर्वांत चांगली वस्तू आहे. ओटचे दूध करताना विकरांच्या साह्याने त्यातल्या स्टार्चचे विघटन होऊन माल्टोज तयार होते, त्यामुळे वरून साखर न घालताही त्याला धान्याची एक सौम्य गोडी येते. चॉकलेटच्या शेकमध्ये ती गोडी कडवटपणाला छान सांभाळून घेते. व्हॅनिलाच्या शेकमध्ये मात्र ओटचा वास वर येतो.

एक गोष्ट मला गंभीर वाटते. एकदा माझी बहीण सोबत होती. तिला काजू चालत नाहीत. पांढऱ्या सॉसमध्ये काजू आहेत का, असे तिने काउंटरवर विचारले तेव्हा "काळजी करू नका, आमच्याकडे सगळं प्लांट-बेस्ड आहे," असे उत्तर मिळाले. काजूही वनस्पतिजन्यच असतो, हे त्या मुलीच्या लक्षात आले नाही. दोनदा विचारल्यावर आतून डबा आणून वाचला गेला आणि त्यात काजू निघाले. दूध आणि अंडी नसलेल्या स्वयंपाकात सोयाबीन, गहू आणि सुकामेवा यांचा वापर उलट वाढतो, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना वाटाण्याच्या प्रथिनांचाही त्रास होऊ शकतो. अशा दुकानात प्रत्येक पदार्थाचे घटक फलकावरच ठळक लिहिलेले असायला हवेत. हे मी शाखेच्या व्यवस्थापकांना लेखी कळवले आहे, अजून उत्तर आलेले नाही.

तिसरी शाखा सर्वांत लहान आहे आणि तिथे उष्ण कपाट नाही. तवा सांभाळणारे काका ऑर्डर आल्यावरच पॅटी टाकतात, उलथन्याने एकदाच दाबतात आणि नंतर तिला हात लावत नाहीत. तिथे सात-आठ मिनिटे थांबावे लागते, मागचे लोक कधी कधी कुरकुर करतात, पण ट्रे समोर आला की पॅटीचा चुरचुर आवाज अजून येत असतो. आम्ही आता तिथेच जातो आणि काउंटरजवळचे टेबल धरतो. पुढच्या वेळी शेक लहान मापात मिळेल का, एवढेच विचारायचे आहे, कारण मुलीला आख्खा संपत नाही आणि अर्धा टाकून देणे तिच्या जिवावर येते.