ऑफिसची इमारत: पूर्ण काच की छज्जे असलेली भिंत?

पुण्यात कंपनीसाठी स्वतःचं, पर्यावरणाचा विचार करून ऑफिस बांधायला काढलं की आर्किटेक्ट साधारण दोन चित्रं पुढे ठेवतो. एक वरपासून खालपर्यंत काचेचं. दुसरं एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीचं, बेताच्या खिडक्या आणि त्यांवर खोल छज्जे. हरित मानांकन दोन्हींना मिळू शकतं, त्यामुळे ग्रिहा या भारतीय हरित मानांकनाच्या ताऱ्यांवर निर्णय सोपवू नये.

काचेचं काम झटपट उरकतं, भिंतीची जाडी वाचते, पुढेमागे भाड्याने द्यायचं तर दिखाऊपणा उपयोगी पडतो. आताची लो-ई (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली) दुहेरी काच उष्णताही बरीच अडवते, हे मान्यच.

माझा कौल ठरवला तो ब्लाइंडनी, म्हणजे काचेच्या आतून ओढायच्या पडद्यांनी. आधी आम्ही भाड्याने होतो ती इमारत काचेची. दुपारी 3 वाजले की पश्चिमेच्या रांगेत स्क्रीनवरचं काही दिसेना. कुणीतरी ब्लाइंड खाली ओढायचं, लगोलग ट्यूब लागायच्या. ऊन उतरल्यावर ते वर करायला कुणी उठत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी यावं तर ब्लाइंड तसेच खाली आणि दिवे चालू. उजेडासाठी घेतलेली महागडी काच वर्षभर झाकलेली! गडद काच घ्यावी तर उजेडच कमी होतो. शिवाय खिडक्या उघडत नाहीत, म्हणून डिसेंबरच्या गार हवेतही एसी सुरूच.

नव्या इमारतीत खिडक्या भिंतीच्या 40 टक्क्यांहून कमी आहेत. ईसीबीसी या इमारतींच्या ऊर्जा बचतीच्या राष्ट्रीय संहितेची नेहमीची मर्यादाही तीच. दक्षिणेचा सूर्य उंच असतो, तिथे आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो कामाचा नाही, म्हणून जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहं तिकडे ढकलली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही ऊन अडवणारे उभे पट्टे दिले. हिशेब मीटर लावून केलेला नाही, पण दिवसा टेबलांवरचे दिवे बंद असतात आणि हिवाळ्यात लोक आपणहून खिडक्या उघडतात.

लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून बसत असेल तर मी तरी भिंतच सुचवीन. प्लॉटच अडचणीचा असेल आणि पश्चिमेला काच टळत नसेल, तर पट्टे काचेच्या बाहेरून लावून घ्या. आतल्या ब्लाइंडपर्यंत पोचलेलं ऊन घरात शिरलेलंच असतं, ते बाहेर काढायला मग एसीच लागतो.