कलम ७०२ : आहे तसं, वॉरंट घालून, की बंदच?

अमेरिकेत मतदार असाल आणि आपल्या काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला एखाद्याच विषयावर पत्र लिहिणार असाल, तर ते ‘फायसा’ या परदेशी हेरगिरीविषयीच्या कायद्याच्या कलम ७०२ वर लिहा. २००८ साली आलेल्या या कलमाची मुदत काँग्रेसला पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये ती दोनच वर्षांनी वाढवली.

पाळत ठेवायची ती अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसावर, असं कलम सांगतं. प्रत्येक लक्ष्यासाठी वेगळा न्यायालयीन आदेश लागत नाही. २०२३ मध्ये अशी २,६८,५९० लक्ष्यं होती. पण ई-मेलला दोन टोकं असतात. लक्ष्याशी न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या कुणी पत्रव्यवहार केला, की त्याचीही पत्रं त्या साठ्यात जातात. मग एफबीआय त्याच्या नावाने साठा धुंडाळू शकते, तेही वॉरंटविना.

आहे तसं ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेगाचा आहे आणि तो खोटा नाही. सायबर हल्ला सुरू असताना तासांना किंमत असते. पण २०२३ मध्ये उघड झालेला, या पाळतीवर देखरेख ठेवणाऱ्या फायसा न्यायालयाचा निकाल वाचून मी हादरलो. एका उमेदवाराच्या प्रचाराला देणगी देणाऱ्या १९,००० जणांची नावं एफबीआयने या साठ्यात एकगठ्ठा शोधली होती. आंदोलनांच्या काळात अटक झालेल्या १३३ जणांचीही. एफबीआयचे अमेरिकी व्यक्तींबद्दलचे शोध २०२१ मध्ये ३४ लाखांपर्यंत होते, २०२३ मध्ये ५७,०९४ वर आले. घट मोठी आहे, पण ती बोभाटा झाल्यावर झाली.

अशा शोधाला वॉरंट सक्तीचं करणारी दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात २१२-२१२ अशा बरोबरीत पडली. एकच मत कमी पडलं! मला पटतो तो सिनेटर डर्बिन आणि ली यांचा मधला मार्ग: नाव टाकून शोधा, पण सापडलेला मजकूर उघडून वाचायचा तर न्यायालयाची परवानगी घ्या, आणीबाणीत सूट. वेगही राहतो, आणि तुमचं पत्र वाचण्याआधी कुणाला तरी कारण द्यावं लागतं.

कलम बंद पाडणं कानाला गोड वाटतं, पण आधीच मंजूर झालेली वार्षिक प्रमाणपत्रं (म्हणजे या पाळतीला न्यायालय वर्षभरासाठी देतं ती मंजुरी) त्यांची मुदत संपेपर्यंत चालूच राहतात. शिवाय परदेशातली हेरगिरी १९८१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश १२३३३ खालीही चालते, आणि तिथे न्यायालयाची देखरेख आणखी कमी.

आपल्या घरातलं चित्रही पाहा. ग्रीनकार्डधारक या कायद्यापुरता नागरिकासारखाच. एच-१बी वाला अमेरिकेत असेपर्यंत लक्ष्य होऊ शकत नाही, पण वॉरंटचं प्रस्तावित संरक्षण त्याच्या नावाला नाही. सांगलीतल्या आई-बाबांना तर तिन्ही पर्यायांत काहीच मिळत नाही. उलट २०२४ च्या कायद्याने अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या परदेशी माणसांची पडताळणी याच साठ्यातून करायला मोकळीक दिली. आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसाही त्यात येतो. पत्रात वॉरंटच्या मागणीखाली हाही एक परिच्छेद घाला.