मोंबासाचे काझी, फोर्टातला वर्ग: फी वसूल होते ती तिसऱ्या शनिवारी

ब्रिटिश अमलात पूर्व आफ्रिकेतल्या काझी-उलेमांचं (मुस्लिम न्यायाधीश आणि धर्मपंडितांचं) वजन कसं बदललं, यावर मुंबईच्या फोर्टमध्ये चार शनिवारांचा वर्ग चालतो. दर वेळी दोन तास, सोबत झेरॉक्स टिपणं. पहिला शनिवार चुकला तरी फार बिघडत नाही. १८९० साली झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेलं, सुलतान इबादी पंथाचा आणि बहुतेक प्रजा सुन्नींमधल्या शाफी पंथाची, हे टिपणात आहेच.

दुसऱ्यात काझीच्या हाती लग्न, तलाक, वारसा एवढंच कसं उरलं ते नीट सांगतात. झांझिबारच्या ब्रिटिश कोर्टाची अपिलं एके काळी मुंबई हायकोर्टात येत, हे मात्र गाळलंय. हायकोर्ट इथून चालत जाण्याच्या अंतरावर, तरीही!

खरा माल तिसऱ्या सत्रात. विषय कौटुंबिक वक्फ, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमची बांधून ठेवलेली मालमत्ता: मिळकत आधी मुलांना, मग नातवंडांना, वंश खुंटला की गरिबांना. शाफी काझीच्या लेखी हा वक्फ चोख. पण १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, बंगालच्या एका खटल्यात असा वक्फ रद्दबातल ठरवला. गरिबांपर्यंत पोचायला इतक्या पिढ्या लागणार, तर धर्मादाय कसला? भारतात जिनांनी मांडलेल्या १९१३ च्या कायद्याने यावर तोडगा निघाला. केनियात मात्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिव्ही कौन्सिलने तोच जुना निकाल लावला आणि स्थानिक काझीचं मत बाजूला पडलं. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर वंशावळ काढतात आणि एकेक नाव पुसत जातात. शेवटी ‘गरीब’ एवढंच उरतं, तेव्हा कुठे न्यायाधीशांचा आक्षेप डोक्यात शिरतो.

चौथं सत्र घाईचं. केनियाच्या लामू बेटावरची रियाधा मशीद आणि तिथला मौलिद (प्रेषितांच्या जन्माचा उत्सव) पाच मिनिटांत उरकतात. मोंबासाचे विद्वान शेख अल-अमीन मझरुई यांना टिपणात सरळ ‘वहाबी’ म्हटलंय, ते फार ढोबळ आहे. त्यांच्यावर कैरोच्या ‘अल-मनार’ या सुधारणावादी मासिकाची छाप होती, १९३० च्या दशकात त्यांनी मोंबासात स्वाहिलीतून वृत्तपत्र चालवलं, आणि १९३७ ते १९४७ ते केनियाचे मुख्य काझी होते. घराण्याची विद्वत्ता, छापखाना आणि सरकारी नेमणूक, तिन्ही एकाच माणसाकडे. फक्त गुरूच्या इजाजतीवर, म्हणजे शिकवायला दिलेल्या परवानगीवर, मान मिळवणाऱ्यांची पंचाईत इथे सुरू होते, आणि नेमकी यावरच चर्चा होत नाही.

टिपणं आधी मागून घ्या; काझी निवाडा देतो, मुफ्ती मत देतो, हा फरक पाठ करून जा, नाहीतर दुसरं सत्र डोक्यावरून जाईल. सुट्या सत्राची फी घेतात का तेही विचारा. घेत असतील तर फक्त तिसरं करा.