स्मार्ट मीटर: सिमकार्ड बरं की शेजारच्या मीटरची साखळी?

स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर नोंदवतो. ती नोंद वीज कंपनीकडं पोचवायची कशी, यावर सगळं अवलंबून. सिमकार्डाचा मीटर मोबाइल टॉवरशी थेट बोलतो. आरएफ मेशमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींच्या जाळ्यात, मीटर शेजारच्या मीटरला निरोप देतो, तेही ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या लहरींवर. तो पुढच्याला देतो, आणि शेवटी खांबावरच्या पेटीतून सगळं एकदम जातं.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीसारख्या दाट वस्तीत मला मेशच पटते. जुन्या वाड्यात मीटर जिन्याखाली, जाड भिंतीआड. तिथं मोबाइलला धड रेंज नसते. पण भिंतीपलीकडं शेजारचा मीटर असतोच. एक वाट अडली तर निरोप दुसरीकडून निघतो.

बीडकडं शेतवस्तीवर नेमकं उलटं. आमच्या मामांच्या वस्तीवर तीनच घरं, पुढची वस्ती मैलभर लांब. साखळीला कड्याच नाहीत, तिथं सिमच हवं. फक्त वळवाच्या वादळात लाइट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही बसते, आणि लाइन कुठं तुटली हे कळायला हवं तेव्हाच मीटर मुके होतात. प्रीपेडमध्ये रिचार्जनंतर वीज जोडायचा हुकूमही याच वाटेनं येतो! अर्थात मेशच्या पेटीलाही पुढं बहुधा मोबाइलचंच जाळं लागतं.

म्हणून मीटर बसवण्याआधी गावोगाव रेंज मोजाच, तीही मीटरच्या पेटीचं झाकण लावून. पत्र्याच्या पेटीत ती हमखास कमी होते.