रीएन्ट्री परमिटच्या भरवशावर नागरिकत्वाची वर्षं मोजू नका

अमेरिकेत मुलीकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या एका ज्येष्ठ जोडप्याला घरच्या आजारपणासाठी बराच काळ भारतात राहायचं होतं. स्वतःला 'इमिग्रेशन कन्सल्टंट' म्हणवणाऱ्याने सांगितलं, "काका, दोन वर्षांचं रीएन्ट्री परमिट काढून देतो, निवांत राहून या. पाच वर्षं भरली की नागरिकत्वाचा अर्जही मीच भरेन." परमिट (ग्रीन कार्डधारकाला जास्त काळ बाहेर राहून परत येऊ देणारी परवानगी) खरंच आलं. दोघं चौदा महिन्यांनी परतले, विमानतळावर कुणी अडवलं नाही, म्हणून विश्वास आणखी बसला. पुढे एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, मुलाखतीनंतर नामंजूर झाला. कन्सल्टंटचे पैसे गेले आणि सरकारी फीसुद्धा, कारण अर्ज फेटाळला तरी ती परत मिळत नाही.

लबाडी अशी, की परमिटने ग्रीन कार्ड टिकायला मदत होते. नागरिकत्वासाठी लागणारा सलग निवास मात्र त्याने टिकत नाही. सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलं की तो तुटतो. बाहेर असतानाही सलग निवास टिकवण्यासाठीच्या एन-४७० अर्जाची सवलत ठरावीक नोकऱ्यांसाठी आहे, निवृत्त आईवडिलांसाठी नाही. परतल्यावर चार वर्षं आणि एक दिवसाने पुन्हा अर्ज करता येतो. पण तेव्हाही मागच्या पाच वर्षांत सहा महिन्यांपेक्षा मोठी गैरहजेरी उरतेच आणि निवास तुटला नव्हता हे घर, कर, कुटुंब यांच्या पुराव्याने पटवून द्यावं लागतं. आमच्या मते परतल्यावर साडेचार वर्षं उलटू द्यावीत, म्हणजे मोजणीत येणारी गैरहजेरी सहा महिन्यांच्या आत येते.

"दर साडेपाच महिन्यांनी येऊन जा, बस" हा सल्लाही तितकाच घातक. पाच वर्षांत प्रत्यक्ष अमेरिकेत किमान ९१३ दिवस भरावे लागतात (नागरिक जोडीदारासोबत राहणाऱ्यांना तीन वर्षांत ५४८). जाण्याचा आणि परतण्याचा दिवस अमेरिकेतला म्हणून धरला जातो. शिवाय ज्या राज्यातून अर्ज करता तिथे आधी तीन महिने राहिलेलं असावं लागतं, आणि पाच वर्षं पुरी होण्याआधी ९० दिवसांपेक्षा लवकर अर्ज चालत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे प्रवास लपवायला सांगणारे. सीमा विभागाकडे येण्याजाण्याच्या नोंदी असतात. शपथेवर खोटं सांगितलं की दिवसांचा प्रश्न मागे पडतो आणि चारित्र्याचा उभा राहतो; नागरिकत्व मिळाल्यानंतरही ते काढून घेतलं जाऊ शकतं.

अमेरिकेतला नोटरी वकील नसतो, तो फक्त सही साक्षांकित करतो. कायदेशीर सल्ला परवानाधारक वकील किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेल्या संस्थेचा प्रतिनिधीच देऊ शकतो. अर्ज भरून देणाऱ्याने तयार करणारा म्हणून अर्जावर स्वतःची सही करायची असते. तो टाळत असेल तर तिथूनच उठा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, पूर्ण प्रत आणि पावती घ्या. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात.

फसवणूक झालीच असेल तर पावत्या, मेसेज जपून फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करा. नकाराविरुद्ध फेरसुनावणी मागणाऱ्या एन-३३६ अर्जासाठी ३० दिवसांची मुदत असते. पण गैरहजेरी खरोखरच वर्षाहून जास्त असेल तर त्यावर पैसे घालवण्यापेक्षा वेळ भरल्यावर नवा अर्ज केलेला बरा.